वेताळाला घामोळ्या येत नाहीत का?

आधी एक अट. तिथे पोचल्यावर हसायचं नाही, निदान पहिला अर्धा तास. हसलात की चार पोट्टे लगेच ओळखतील, हा काही इकडला नाही.

चला तर. छोट्या लाईनची गाडी सौंसरहून सुटली आहे आणि तुम्ही तिच्या दारात उभे आहात, एक पाय आत, एक पायरीवर. दोन रुळांमधलं अंतर उणंपुरं अडीच फूट, त्यामुळे डबाही इतका अरुंद की नाव-गाव विचारायच्या आधीच समोरच्याच्या गुडघ्यांशी तुमची ओळख झालेली. बाकाखाली कोंबड्यांची टोपली. वर लटकवलेल्या पिशवीतून कसलंतरी तेल थेंब थेंब गळतंय आणि नेमकं तुमच्याच कॉलरवर. पुढे घाट आहे, इंजिन आतापासूनच धापा टाकतंय. पण घाटाशी तुमचा संबंध नाही. रामाकोना आलं. उतरा.

उतरताच उन्हाची झाव तोंडावर येते. मे महिन्यातली दुपार. नाकात एकाच वेळी तापलेली माती, भज्यांचं तेल, बिडी आणि पलीकडच्या बगीच्यातून आलेला संत्र्याच्या पानांचा कडवट वास. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक म्हातारा तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. "काहून बावा, डोक्याले काही बांधलं नाही? ऊन लागन ना." आणि खिशातला कांदा काढून तुमच्या हातात ठेवतो. घ्या. नाही म्हणायची पद्धत नाही.

साल कोणतं, ते विचारू नका. रविवारी सकाळी टीव्हीवर 'रामायण' लागतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं, एवढं पुरे. आज रविवार नाही, म्हणून बसस्टँडजवळ गर्दी आहे. गर्दीतून वाट काढत त्या पानठेल्याच्या मागे या. पाणी मारलेलं बारदान टांगलंय, त्याच्या सावलीत सुतळी बांधलीय, आणि सुतळीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्सं. बसून वाचायला चाराणे, घरी न्यायला आठाणे. ठेलेवाला महिन्यातून एकदा नागपूरला जातो आणि बर्डीवरून गठ्ठा आणतो. काहींना मुखपृष्ठ नाही, काहींना शेवट नाही, आणि एकाच्या मधोमध कुणाच्या तरी दहावीच्या गणिताचं पान शिवलंय.

तुम्ही खिशातून दहाचं दुरंगी नाणं काढता. ठेलेवाला ते उलटसुलट करून, दातांखाली दाबून परत देतो. "सर्कशीचं टोकन इथं नाही चालत, भाऊ." शेवटी एक बारका पोट्टा तुमचे चाराणे भरतो. बदल्यात तुमच्या कॉमिक्समध्ये त्याचंही डोकं घुसणार. त्याच्यामागून आणखी चार डोकी येतात. खोबरेल तेल, कच्चा कांदा आणि घाम यांचा दाट वास घेत सहा जण एका पानावर वाकता. पान उलटायचं काम मोठ्या पोट्ट्याचं. तो दर वेळी अंगठ्याला थुंकी लावतो, त्यामुळे प्रत्येक पानाचा खालचा कोपरा कातड्यासारखा मऊ झालाय.

पहिलं इंद्रजाल. वेताळ.

आता ओठ घट्ट मिटा. भर जंगलात, डोक्यापासून पायापर्यंत अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, वरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, त्यावर दोन पिस्तुलं. छपाईत जांभळा रंग रेषेपासून थोडा सरकलाय, म्हणून वेताळाशेजारी आणखी अर्धा वेताळ उभा असल्यासारखं वाटतं. ओठांचा लाल रंग हनुवटीवर आलाय. तुमच्या पोटात हसू उसळतं. आजूबाजूला पाहा. कोणीच हसत नाही. बारक्याच्या मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा आहे, तो खाजवत तो गंभीरपणे विचारतो, "याले घामोळ्या नाही होत काय बे?"

"होत असतीन. सांगत नाही तो कोनाले."

"अन् चड्डी वरून काहून घातली?"

"आतून घातली तर पट्टे कसे दिसतीन?"

याला तुमच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

वाचतोय मोठा पोट्टा, मोठ्यानं. मजकूर हिंदीत, मधली शेरेबाजी मराठीत, ठोसे स्वतःच्या मांडीवर. मध्येच तो अडखळतो. कड्याला लोंबकळणारा बदमाश एका चौकोनात म्हणतो की मी कड्याला लोंबकळतोय, आणि दोन चौकोनांनंतर पुन्हा तेच म्हणतो. "आत्ताच तं सांगितलं ना यानं!" भानगड अशी की ली फॉकच्या या कथा मुळात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकोनांच्या पट्टीनं यायच्या. काल काय घडलं ते वाचकाला रोज सकाळी आठवून द्यावं लागे. मुंबईत टाइम्सवाले त्याच पट्ट्या कापून-जोडून इंद्रजालचं पुस्तक भरायचे. तिकडे एका रात्रीचं अंतर असायचं, इकडे अंगठाभर उरलं. कापताना कधी एखादा चौकोनच गायब व्हायचा, मग वेताळ नदीत उडी मारायचा आणि कोरड्या कपड्यांत राजवाड्याच्या दिवाणखान्यात निघायचा. इथे कोणाला त्याचं काही वाटत नाही. मोठा पोट्टा गाळलेली पोहण्याची मारामारी स्वतः रचून सांगतो, आणि ती छापलेल्यापेक्षा बरी असते. मगरीसकट.

इंद्रजालवाले नावंही बदलायचे. वेताळाच्या बेंगाली देशाचं डेंकाली केलं, बंगालशी गोंधळ नको म्हणून. सिंग चाच्यांचे सिंगा झाले. वेताळाच्या बापाचा मारेकरी मुळात 'रामा' होता, त्याला 'रामालू' केलं. तुम्ही उभे आहात रामाकोन्यात, तेव्हा संपादकांचे मनातल्या मनात आभार माना. नाहीतर इथल्या पोट्ट्यांना शेजारच्या गावच्यांनी जगू दिलं नसतं.

पुढचं पान. ईडन नावाचं बेट, तिथे वाघ आणि सिंह गुण्यागोविंदानं नांदतात, कारण वेताळानं त्यांना लहानपणापासून मासे खायला शिकवलंय. फॉकचं जंगल सुरुवातीला आशियात कुठेतरी होतं, नंतर ते सरकत सरकत आफ्रिकेत गेलं, पण प्राणी दोन्हीकडचे राहिले. तुम्हाला वाटेल, आता तरी हे हसतील. हसतातच, पण वाघ-सिंहाच्या शेजाराला नाही. एकाचा मामा सिल्लेवानीच्या घाटातून लाकडाचा ट्रक आणतो, म्हणून वाघाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. "मासोळीवर वाघ? कन्हानीत या दिवसांत डोह तरी उरते काय? आठ दिवसांत मरन तो." सगळे खो-खो हसतात. ठेलेवालाही.

तुम्ही बावचळता. पुढे वेताळ शहरातल्या गुंडांच्या दारूच्या अड्ड्यावर जातो आणि दूध मागतो. अड्ड्यातले गुंड हसतात, तिकडचे वाचक हसले असतील, तुम्हीही हसायला तयार. इकडचे पाच चेहरे मात्र शांत. दूधच मागणार ना माणूस, दुसरं काय? त्यांना खटकतं ते वेगळंच. "पैसे नाही देल्ले त्यानं. पाय, नाहीच देल्ले." चौकोन परत-परत तपासला जातो. खरंच दिले नाहीत.

घशाला कोरड पडली असेल. मडक्यातलं पाणी प्या, वाळा टाकलाय त्यात. तोवर सुतळीवरून दुसरं कॉमिक उतरतं. चाचा चौधरी.

प्राण यांची रेघ साधी आणि धीट. लाल पगडीचा म्हातारा, गुरू ग्रहावरून आलेला साबू, आणि साबू चिडला की मारामारी तिथेच थांबवून एक चौकोन थेट अंतराळात जातो: दूर गुरूवर ज्वालामुखी फुटतो. मग परत ठोसे. इतकी दिलदार कल्पना मला दुसऱ्या कुठल्या कॉमिक्समध्ये सापडलेली नाही. तुमच्या जिभेवर मात्र सगळं येऊन थांबलंय, की गुरूला मुळी जमीनच नाही, तो वायूचा गोळा आहे, आणि 1979 साली व्हॉयेजर यानाला जे ज्वालामुखी दिसले ते गुरूच्या आयो नावाच्या चंद्रावर. गिळून टाका. पोट्टे आत्ता फार महत्त्वाच्या चर्चेत आहेत: साबूच्या मापाची खाट कुठला सुतार बनवून देईल, आणि ती दारातून आत कशी जाईल.

आणि आता, छातीवर हात ठेवा, सुप्रीमो.

हे कॉमिक इथे मळक्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि ठेलेवाला ते स्वतःच्या हातानं काढतो. अमिताभ बच्चन, खराखुरा, शूटिंग सोडून निघतो आणि गुलाबी होतो. पायापासून गळ्यापर्यंत अंगाला घट्ट गुलाबी पोशाख, कमरेला गुंडाळलेलं फडकं, डोळ्यांवर काळा गॉगल. हाताशी शाहीन नावाचा ससाणा, समुद्रात सोनाली नावाची डॉल्फिन. इंडिया बुक हाऊसनं 1983 च्या सुमारास हे काढलं, गुलजार सल्लागार होते, आणि चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. पुढे याच मुळीकांनी हिरवा नागराज काढला. नागराजचा ताजा अंक त्याच सुतळीवर टांगलेला आहे. माणसाचं अंग कसं वळतं, स्नायू कुठे फुगतो, सगळं त्यांच्या हाताला नेमकं ठाऊक. म्हणून तर तो गुलाबी अमिताभ इतका अस्सल दिसतो आणि म्हणूनच इतका अशक्य. वाईट चित्रकाराच्या हातून ही गंमत साधलीच नसती.

इथे तुमचा बांध फुटतो. अर्धा तास झालाय, अट संपली, तुम्ही हसता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पाच जण तुमच्याकडे पाहतात. राग नाही, काळजी आहे. "ऊन लागलं याले," बारका म्हणतो, आणि तुमच्या हातातला कांदा फोडून नाकाशी धरतो.

मग पुन्हा कॉमिक्स. त्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि कित्येक महिने अडलेला आहे. गॉगल लावला की अमिताभला कोणी ओळखत कसं नाही? उंचीवरून नाही, नाकावरून नाही, ठीक.

"पन आवाज? आवाजावरून तं कळालेच पायजे ना!"

छापलेल्या कागदातून आवाज कसा येणार, असं तुम्ही म्हणू पाहता. पण मघापासून मोठा पोट्टा सुप्रीमोचं प्रत्येक वाक्य त्याच खर्जातल्या आवाजात वाचतोय, आणि बारदानाआड उभ्या असलेल्या कोणालाही ते अमिताभचंच वाटेल. मुद्दा बिनतोड आहे. निर्णय होतो की थेट विचारायचं. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आधीच आणलेलं आहे, चड्डीच्या खिशात दुमडलेलं आणि घामानं ओलं. तुम्ही मोठे, शिकलेले, म्हणून पेन तुमच्या हातात येतं. हिंदीत लिहायचं. वर 'आदरणीय', खाली 'आपके प्रशंसक' आणि पाच सह्या, सहावी तुमची. प्रश्न दोन: आवाज बदलून बोलता का? आणि डॉल्फिनवर बसल्यावर गॉगल पडत नाही का? वेताळाचं घामोळ्यांचं विचारावं असंही एक जण सुचवतो, पण ते दुसऱ्या खात्याचं काम म्हणून वगळलं जातं.

डाक निघायची वेळ झाली. ठेलेवाला तिकडून ओरडतोय. तुम्ही घाईघाईत पत्ता लिहिता, 'श्री अमिताभ बच्चन, बंबई', आणि विचारता, "पिन कोड?"

मोठा पोट्टा कार्ड ओढून घेत पळत सुटतो. "अमिताभले पिन कोड लागते काय बे!"