भूगोलाचीं गणितें आणि साधनांची निवड

भूगोलविषयक माहितीचा संगणकावर अभ्यास करावयाचा तर 'आर' ही भाषा घ्यावी कीं 'पायथन', हा वाद विद्यार्थ्यांत व संशोधकांत नेहमीं चालतो. आमच्या मतें भाषेचा प्रश्न दुय्यम असून खरा प्रश्न साधनाच्या विश्वासार्हतेचा आहे. या साधनांचा थोडा इतिहास पाहिला म्हणजे हें ध्यानांत येईल.

या विद्येचा आरंभ सरकारी गरजेंतून झाला. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडांतील जमिनीच्या पाहणीसाठीं रॉजर टॉमलिन्सन यांनीं संगणकावर नकाशे पडताळण्याची पद्धति उभारिली. १९८२ पासून अमेरिकन लष्कराच्या एका संशोधनशाळेनें 'ग्रास' नांवाची आज्ञावली रचिली. पुढें लष्करानें त्या कामांतून अंग काढून घेतलें. तरी तिची मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं ती जगविली, आणि १९९९ सालीं ती मुक्त परवान्याखालीं आली.

'पायथन' व 'आर' या भाषा १९९० नंतर लोकांपुढें आल्या. परंतु नकाशाचें मुख्य काम त्यांच्या तळाशीं असलेल्या तीन आज्ञावल्या करितात. जेराल्ड एव्हेन्डेन यांनीं आरंभिलेली 'प्रोज' वाटोळ्या पृथ्वीवरील स्थान सपाट कागदावर आणते. फ्रँक वॉर्मरडॅम यांनीं १९९८ सालीं हातीं घेतलेली 'जीडॅल' नाना प्रकारच्या फायली वाचते. 'जिऑस' ही आकृत्यांचे छेद व क्षेत्रफळें काढते. 'आर'मधील 'एसएफ' आणि 'पायथन'मधील 'जिओपांडाज' यांचा भार या तिघींवरच आहे. वाडे निराळे, पण पाया एकच!

हा पाया समजून घेतला नाहीं तर काय होतें? भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले आहेत. उपग्रहावरून मिळणारें स्थान निराळ्या मानावर असतें. दोहोंचा मेळ न घालतां एकावर एक ठेविले कीं शेताची हद्द सरकते, आणि कालव्याची रेषा भलत्याच्याच जमिनींतून जाते. संगणक मात्र तक्रार करीत नाहीं.

पाया भक्कम असला तरी त्याला राखणारे लागतात. 'आर'मधील 'आरजीडॅल' हें साधन सुमारें वीस वर्षें असंख्य अभ्यासकांनीं वापरिलें. त्याचे पालक रॉजर बिव्हांड यांची निवृत्ति जवळ आली, तेव्हां २०२३ सालीं तें रीतसर बंद करण्यांत आलें. आगाऊ सूचना होती, पर्यायहि तयार होता. तरीहि जुन्या आज्ञावल्या नव्यानें लिहाव्या लागल्याच.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. संख्याशास्त्राकडे ओढा असेल त्यानें 'आर' घ्यावी, इतर व्यवहारांशीं सांगड घालावयाची असेल त्यानें 'पायथन'. सोबत्यांस जी येते ती अधिक बरी. मात्र साधन खुलें असावें, त्याला जिवंत पालक असावेत, आणि प्रत्येक पायरी अशी लिहून ठेवावी कीं दुसऱ्यास तीच वाट चालून पडताळा घेतां यावा. ज्याची जमीन नकाशावर पडते, त्याचा तेवढा हक्क आहे.