मत्स्यटाकीतील वायुवीजन

मत्स्यटाकीतील वायुवीजन म्हणजे मासे पाळण्याच्या टाकीतील पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे (ऑक्सिजनचे) प्रमाण पुरेसे राखण्याची आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ देण्याची प्रक्रिया होय. मासे हा विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांद्वारे शोषून घेतात. त्याचे प्रमाण फार घटल्यास टाकीतील मासे काही तासांतच दगावू शकतात.

इतिहास

इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकाच पात्रात ठेवून त्यांच्यातील समतोल दाखवून दिला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची पद्धत १८८८ पासून प्रचलित आहे. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले.

शास्त्रीय आधार

२५° से. तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच गोड्या पाण्यात मात्र जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. तापमान वाढले की ही क्षमता घटते. २०° से.ला ती ९.१, ३०° से.ला ७.६, तर ३५° से.ला ६.९ मिलिग्रॅम असते. समुद्राच्या पाण्यात ती सुमारे एक पंचमांशाने कमी असते. याउलट, उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज वाढते. त्यामुळे उन्हाळ्यात दुहेरी ताण येतो. उष्ण प्रदेशातील बहुतेक पाळीव माशांसाठी लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू योग्य मानला जातो.

प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो. पंपाचे बुडबुडे अल्पकाळ पाण्यात राहत असल्याने त्यांतून थेट मिळणारा वाटा मर्यादित असतो. त्यांचे मोठे कार्य तळाचे पाणी वर आणणे व पृष्ठभाग हलता ठेवणे हे आहे. त्यामुळे उंच व अरुंद पात्रापेक्षा तेवढेच पाणी मावणारी पसरट टाकी अधिक अनुकूल ठरते. गोल भांडे गळ्यापर्यंत भरल्यास हवेला लागणारे क्षेत्र कमी होते. ते मध्यापर्यंतच भरणे हितावह असते.

प्राणवायूचा वापर

टाकीतील प्राणवायू केवळ मासेच वापरत नाहीत. उरलेले खाद्य कुजवणारे जीवाणूही तो घेतात. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जीवाणूंना १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसाठी सुमारे ४.५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री तो वापरतात. म्हणून दाट वनस्पती असलेल्या टाकीत पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. दिवे मालवल्यावर हवेचा पंपही बंद करणे अशा टाकीत धोक्याचे ठरते.

खालापूर–कर्जत परिसरातील नैसर्गिक उदाहरण

रायगड जिल्ह्यातील खालापूर व कर्जत हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. घाटातून उतरणारे ओढे पाताळगंगा व उल्हास या नद्यांना मिळतात. पावसाळ्यात कातळावर आपटणाऱ्या पाण्यात भरपूर हवा मिसळते. उन्हाळ्यात अनेक ओढे आटून केवळ डोह उरतात. तेथील पाणी तापते व त्यातील प्राणवायू घटतो. मरळ व मागूर हे मासे हवेतून थेट श्वास घेऊ शकत असल्याने अशा पाण्यातही तग धरतात. खडस (महसीर) आणि दगडांना चिकटून राहणारे लोच यांना मात्र वाहते पाणी लागते.

खोपोली वीजकेंद्राला (१९१५) पाणी पुरवणाऱ्या लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटा कंपनीने १९७० च्या दशकात महसीर संवर्धनाचे काम सुरू केले. या माशाची अंडी उबवताना पाणी वाहते ठेवले जाते. ओढ्यातील मासे घरच्या टाकीत ठेवायचे झाल्यास असाच प्रवाह निर्माण करावा लागतो. गुरामी व बेट्टा हे मासेही पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. त्यामुळे ते तुलनेने शांत पाण्यात राहू शकतात.

साधने

हवेचा पंप व सच्छिद्र दगड (एअर स्टोन), स्पंज फिल्टर आणि पाणी वरून सोडणारा फिल्टर ही सामान्य साधने आहेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवतात किंवा नळीत एकदिशा झडप बसवतात; अन्यथा वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात शिरू शकते.

लक्षणे व तातडीचे उपाय

बहुतेक मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणे व कल्ल्यांची झाकणे वेगाने हलणे ही प्राणवायूच्या कमतरतेची लक्षणे आहेत. अमोनियाच्या विषबाधेतही ती दिसतात. दोन्ही प्रसंगी क्लोरीनविरहित, समान तापमानाच्या पाण्याने टाकीतील काही पाणी बदलणे उपयुक्त असते. वीज खंडित झाल्यास खाद्य देणे थांबवतात आणि टाकीतलेच पाणी मगाने काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओततात. बॅटरीवर चालणारे छोटे पंपही यासाठी वापरले जातात. माशांची संख्या मर्यादित ठेवणे व बेताचे खाद्य देणे हे कायमस्वरूपी उपाय होत.