आज्ञेकडून प्रज्ञेकडे : सुभेदार रामजींच्या घरातील एक प्रश्न

कोणतीही गुलामगिरी केवळ शस्त्राच्या बळावर शतकानुशतके टिकत नाही. हुकूम पाळणे हाच आपला धर्म आहे, असे गुलामाला बालपणापासून शिकविले जाते, म्हणून ती टिकते. हे शिक्षण देणारी पहिली शाळा म्हणजे घर होय. आपल्या चळवळीचा इतिहास आपण परिषदा, सत्याग्रह आणि ठराव यांच्या आधारे लिहितो. परंतु ज्या घरांतून ही चळवळ उभी राहिली, तेथे आईवडिलांचा अधिकार कसा चालत होता, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेल्या एका घराचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील. या जिल्ह्यात खोती पद्धत होती. कुळाने खोतापुढे मान तुकवावी, वेठ करावी, उलट उत्तर देऊ नये, हा तेथील जीवनाचा नियम होता. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. अशा मुलुखात आईवडील मुलांना ‘गप्प राहा’ असे शिकवीत असतील, तर त्यामागे केवळ कठोरपणा नव्हता, भीतीही होती. उलट बोलणाऱ्या मुलाचे काय होईल, हे त्यांना ठाऊक होते. दलित घरातील आज्ञापालनाचा विचार करताना ही भीती विसरून चालणार नाही.

या मुलुखातून बाहेर पडण्याचा एक मार्ग लष्कराने दिला. लष्करानेही आज्ञापालनच शिकविले. किंबहुना ते अधिक कडकपणे शिकविले. परंतु त्याच लष्कराने शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना अक्षरओळखही दिली. दापोलीच्या कॅम्पात स्थायिक झालेले महार पेन्शनर या दोन्ही शिकवणी घेऊन आले होते. त्यांपैकी गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. अस्पृश्यतेला आधार काय, असे प्रश्न त्यांनी सवर्ण समाजाला त्यातून विचारले. ज्यांचे अवघे तारुण्य हुकूम पाळण्यात गेले, त्यांनी पेन्शन मिळताच प्रश्न विचारावयास आरंभ केला, ही घटना अर्थपूर्ण आहे. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर, १८९४ साली, त्यांनी सरकारकडे दाद मागण्यासाठी विनंतीपत्रही लिहिले.

याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त होऊन आपल्या कुटुंबासह दापोलीस आले. लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. ते कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजन-पूजन होई आणि त्यात खंड पडलेला त्यांना खपत नसे. दापोलीहून हे कुटुंब साताऱ्यास आणि नंतर मुंबईस परळच्या चाळीत गेले, तरी घराची शिस्त बदलली नाही. मात्र ही शिस्त प्रेमशून्य नव्हती. भीमरावांना हवे असलेले पुस्तक आणण्यासाठी रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, पैसे मागत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत. खोलीत जागा अपुरी, म्हणून मुलाला पहाटे दोन वाजता उठवून अभ्यासास बसवीत.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या, पण पहिल्या आवृत्तीत न छापलेल्या प्रस्तावनेत या घरातील एक प्रसंग येतो. वडील मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची अवहेलना आहे, ते आम्ही का वाचावेत, असे भीमरावांनी वडिलांना विचारले. वडिलांना हा प्रश्न रुचला नाही. मुलांनी असे वेडगळ प्रश्न न विचारता सांगितलेले करावे, एवढेच ते म्हणाले. आपल्या वडिलांची सत्ता बाबासाहेबांनी प्राचीन रोममधील कुटुंबप्रमुखाच्या सत्तेसारखी मानली आहे. आई लहानपणीच वारल्यामुळे आपल्यालाच काय ती वडिलांशी बोलण्याची थोडी मोकळीक होती, असेही ते सांगतात.

प्रसंग येथेच संपला असता, तर तो हजारो घरांतील प्रसंगांसारखाच झाला असता. परंतु काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांसारखी सामान्य स्थितीतून वर आलेली माणसे पाहून तो दूर व्हावा, हा आपला हेतू आहे, असे त्यांनी सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांतील कोणीच आपल्याला आवडत नाही, हे त्याने कारणांसह सांगितले. वडील गप्प राहिले. मुलगा बंड करून उठला आहे, हे त्यांनी ओळखले. पण ते बंड त्यांनी चिरडले नाही.

पहिल्या उत्तरात केवळ सत्ता होती, दुसऱ्यात कारण होते आणि तिसऱ्या वेळी पराभव पचविण्याची शक्ती होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६६ साली पालकांचे तीन प्रकार वर्णिले : केवळ हुकूम सोडणारे, सर्वच बाबतींत सूट देणारे, आणि शिस्त राखूनही तिचे कारण सांगणारे व मुलाचे म्हणणे ऐकणारे. रामजी पहिल्या प्रकारातून तिसऱ्या प्रकाराकडे सरकले, आणि त्यांना सरकविले ते मुलाच्या प्रश्नाने.

हे सरकणे का महत्त्वाचे, ते स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगांतून कळते. १९६१ पासून येल विद्यापीठात त्यांनी सामान्य नागरिकांना दुसऱ्या माणसास विजेचे वाढते धक्के देण्यास सांगितले. धक्के खोटे होते. परंतु देणाऱ्यास ते माहीत नव्हते. प्रयोगचालकाच्या आज्ञेवरून ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. मात्र शेजारच्या दोघा सहकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी केवळ ४ जण शेवटापर्यंत गेले. नकार देणारा सोबती दिसला की माणसाचा विवेक जागा होतो.

तथागतांनी हाच मार्ग दाखविला आहे. सिगालोवाद सुत्तातील सिगाल सहा दिशांना नमस्कार करीत होता. कारण विचारताच, मरतेवेळी वडिलांनी सांगितले म्हणून, असे तो उत्तरला. तथागतांनी त्याच्या वडिलांचा उपहास केला नाही. सहा दिशा म्हणजे सहा मानवी नाती, असा त्या आज्ञेला अर्थ दिला, आणि मुलांप्रमाणे आईवडिलांनाही पाच कर्तव्ये सांगितली. राहुलाला त्यांनी आरशाची उपमा देऊन कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर स्वतःच तपासण्यास शिकविले. राहुलाच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाने तक्रार केली, तेव्हा मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम त्यांनी केला. शास्त्याने तक्रार ऐकली आणि नियम केला, यातच धम्मातील अधिकाराचे स्वरूप दिसते.

आज आपल्या घरांत त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, बावीस प्रतिज्ञा मुलांना पाठ असतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु एखाद्या मुलीने ‘ही प्रतिज्ञा का?’ असे विचारले, तर आपण काय करतो? ‘बाबासाहेबांनी सांगितले आहे, गप्प बस’ असे म्हणणारा पालक रामजींचे पहिलेच उत्तर देत असतो, आणि तेही बाबासाहेबांच्या नावाने. खोतापुढे ‘गप्प राहा’ म्हणणाऱ्या आईला भीतीचे कारण होते. आपल्याला तेही नाही. प्रश्नाचे उत्तर लगेच सुचले नाही तर हरकत नाही. सुभेदार रामजींनाही ते सुचले नव्हते. त्यांनी विचार केला आणि मुलाने पुन्हा विचारताच उत्तर दिले. मुलांना वाढविताना आपण निदान तेवढे तरी केले पाहिजे.