रंगावतारी आणि त्याचें जनावर

आमच्या मंडळींस सनदा, महजर, वतनपत्रें यांचें वेड आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्याला वतन नाहीं, गांव नाहीं, ज्याच्या बापाचें नांव कोणत्याहि कागदांत नाहीं, त्याचा शोध कोठें घ्यावा? नंदीबैल, माकड अथवा अस्वल घेऊन दारोदार फिरणाऱ्या दरिद्री पोराविषयीं हा प्रश्न, ठाणें-कल्याणच्या निमित्तानें, पुढें मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ ठाण्यापासूनच करितों. उत्तर कोंकणच्या शिलाहारांचें श्रीस्थानक म्हणजे आजचें ठाणें. त्या घराण्यांतील पहिला अपरादित्य (इ. स. च्या बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) याची याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका 'अपरार्क' या नांवानें विद्वानांस परिचित असून ती पुण्याच्या आनंदाश्रमानें छापिली आहे. कोंकणाधिपति अपरादित्याचा वकील तेजकंठ काश्मिरांतील पंडितसभेस हजर असल्याचें मंखाच्या श्रीकंठचरितांत आहे. इतकी या दरबाराची मजल होती. आतां ज्या स्मृतीवर या राजानें टीका रचिली, तींत 'रंगावतारी' हा शब्द दोन ठिकाणीं येतो : आचाराध्यायांत, ज्यांचें अन्न खाऊं नये त्यांच्या मालिकेंत; आणि व्यवहाराध्यायांत, ज्यांची साक्ष घेऊं नये त्यांच्या मालिकेंत, जुगारी, धुंद व वेडा यांच्या सोबतीला. रस्त्यावर खेळ करणारा या शब्दांत मोडतो कीं नाहीं, याविषयीं वाद घालतां येईल. परंतु नटाला नाकारलेली साक्ष माकडवाल्याच्या पोराला मिळाली असेल, हें मला संभवनीय वाटत नाहीं. पहिल्या निषेधाचें मला विशेष कांहीं नाहीं. त्याच्या झोळींत दुसऱ्यास वाढण्याजोगें अन्न होतेंच कोठें? दुसरा निषेध मात्र आपणां संशोधकांस भोंवला आहे. ज्याची साक्ष न्यायसभेंत चालत नाहीं, त्याचें नांव निवाडपत्रांत येणार कसें?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो दिसतो तो करापुरता : परमुलखांतून आलेल्या खेळवाल्यांनीं पांच पण प्रेक्षावेतन द्यावें, असा दंडक आहे. मुद्राराक्षसाच्या दुसऱ्या अंकांत राक्षसाचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेषानें येतो; गारुड्याला कोण विचारतो, हें विशाखदत्तास ठाऊक होतें. आमच्या नाथांच्या भारुडांत गारुडी आहे, दरवेशीहि आहे, पण तेथें तो रूपकाचा धनी. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांवगाडा' (१९१५) ग्रंथांत या फिरस्त्यांचें वर्णन केलें आहे, तेंहि त्यांचा भार वाहणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूनें.

खरा साक्षीदार मला सांपडला तो पालि जातकांत, ३६५ व्या कथेंत. काशीचा एक गारुडी माकडाला सापाशीं खेळवून पोट भरीत असे. उत्सवाचे सात दिवस चैन करावी म्हणून त्यानें माकड एका धान्यविक्याकडे ठेविलें. परत आला तो नशेंत. माकडाला वेळूनें तीनदां मारून, बांधून, तो झोंपला. माकड सुटून आंब्यावर चढलें. धनी जागा होऊन गोड बोलूं लागला. परंतु तो मार मी विसरलों नाहीं, असें सांगून तें निघून गेलें. माणसाची साक्ष जेथें बाद, तेथें जनावराची साक्ष मात्र नोंदली गेली.

याला जोड म्हणून माझी एक आठवण. १९८६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस कल्याणास पारनाक्याजवळ बारा-तेरा वर्षांचें एक पोर नंदीबैल घेऊन आलें होतें. पाठीवर ठिगळांची झूल, शिंगांना गोंडे, पोराच्या गळ्यांत गुबुगुबु वाजणारें ढोलकें. पाऊस येईल का, मास्तरांची बदली होईल का, सगळ्यालाच नंदीची मान डुले. ढोलक्याचा ठेका तुटला कीं मान हलते, एवढें माझ्या ध्यानांत आलें. घरून आणिलेली भाकरी मीं पोराच्या हातीं दिली, तर त्यानें अर्धी मोडून बैलापुढें धरिली. "खा कीं आधीं," मीं म्हटलें. "त्याला आधीं, गुरुजी. तो बसला तर आम्ही कुठं जावं?" पुढें तीस वर्षें हजेरीपटावर नांवें लिहिलीं, या पोराचें नांव विचारण्याचें मात्र मला सुचलें नाहीं.

जनावरांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध कायदा १८९० सालीं झाला, त्याजागीं १९६० चा आला. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेनें अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांना खेळ शिकवून दाखविणें बंद झालें. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. यादींत बैल आला तो २०११ सालीं. काशीच्या त्या माकडाची फिर्याद अखेर लागली, हें उत्तमच झालें. दोरीनें ओढलेलें माकड ज्यानें जवळून पाहिलें आहे, तो दुसरें कांहीं म्हणणार नाहीं. परंतु दोरीच्या दुसऱ्या टोंकाच्या पोरानें उद्यां काय खावें, याविषयीं अधिसूचना मुकी आहे; आणि त्यानें नुसता हात पसरावा, तर मुंबईचा १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा उभाच.

मलंगगडाची माघी पौर्णिमेची यात्रा, अंबरनाथची शिवरात्र, कोपिनेश्वराचे उत्सव यांच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांस एक विनंती आहे. या वह्या रद्दी समजून टाकूं नयेत. खर्चाच्या बाजूस 'गारुडी', 'दरवेशी', 'नंदीवाला' असा शब्द आढळल्यास तिथि व रक्कम मंडळाकडे कळवावी. नांव असल्यास तें अवश्य कळवावें.