चावडीवरचा रेडिओ ते टेकडीवरची रेंज

आपल्या मंडपात संध्याकाळची आरती सुरू झाली की पाच-सात हात मोबाईल धरून वर जातात. कोणाची आई साताऱ्याला, कोणाचे सासरे अकोल्याला. घरी बसून त्यांना मयूर विहारचा गणपती दिसतो. माझा हात त्यात नसतो. माझे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, दोन डोंगरांच्या बेचक्यात. घरात फोन लागतो तो ओटीच्या डाव्या खांबापाशी, तोही वारा बरा असेल तर, असे आमचे काका म्हणतात. (वाऱ्याचा आणि रेंजचा काही संबंध नाही हे त्यांना सांगून मी थकलो. ते खांब सोडत नाहीत आणि फोनही तिथेच लागतो.)

मी रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्यात आहे हे ठाऊक असल्याने कचेरीतले मित्र हमखास चिडवतात, ‘२०२३ साली चंद्रावर यान उतरले, तुझ्या गावात फोन का लागत नाही?’ उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी साधारण सत्तर वर्षे मागे जावे लागते, आणि ती गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच सुरू होते.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, या केंद्रावरून एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली गेली. गावातल्या पंधरा-वीस मंडळींचा गट करायचा, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम त्यांनी एकत्र ऐकायचा, ऐकून झाल्यावर त्यावर बोलायचे आणि शंका पुण्याला कळवायच्या. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. असे वीस कार्यक्रम झाले. ही कल्पना मूळ कॅनडातली, तिथे ती १९४१ पासून चालू होती. ‘ऐका, बोला, करा’ अशा अर्थाचे तिचे ब्रीद होते. युनेस्कोने या प्रयोगाला हातभार लावला आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा असलेले पॉल न्यूरथ यांनी त्याची तपासणी केली. हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रियाचे, हिटलरच्या छळछावण्यांतून जिवंत सुटलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी नुसते कौतुक करून अहवाल दिला नाही. गट असलेली गावे, रेडिओ असूनही गट नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना त्यांनी केली.

निष्कर्ष मला आजही महत्त्वाचा वाटतो. गट असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती चांगलीच वाढली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे आवाज गावापर्यंत पोचला होता, पण तो वेळेवर लावणारा, माणसे गोळा करणारा आणि चिठ्ठी लिहून पुण्याला धाडणारा कोणी नेमलेला नव्हता. १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली. मात्र हजारो गावांत संच पोचवणे एक आणि ते चालू ठेवणे दुसरे. बऱ्याच गावांत तेव्हा वीज नव्हती. संच बॅटरीवर चालत. बॅटरी उतरली की रेडिओ चावडीच्या कपाटात जाई.

इथे थोडे तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर परिच्छेद सोडून द्यावा. पुणे केंद्र पुढे अनेक वर्षे ७९२ किलोहर्ट्झवर लागत असे. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते. त्यामुळे मध्यम लहरींचे एक मोठे केंद्र शे-दीडशे किलोमीटरपर्यंत दऱ्याखोऱ्यांतही ऐकू येई, खरखरत का होईना. एफएमची लहर तीन मीटरची. मोबाईलची ९०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम तेहतीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीपेक्षा थोडीशी मोठी. १८०० मेगाहर्ट्झची तिच्याही निम्मी. या लहरी नजरेसारख्या बऱ्याचशा सरळ जातात. मध्ये सह्याद्रीची सोंड आली की पलीकडे सावली पडते. काकांचा खांब अशाच एका सावलीच्या कडेला उभा आहे. अशा गावासाठी स्वतंत्र टॉवर लागतो, आणि दीडशे उंबऱ्यांसाठी टॉवर उभारून त्याला डिझेल पुरवणे कोणत्याही कंपनीच्या हिशेबात बसत नाही. दिल्लीत आपल्या प्रत्येक चौकात ते बसते.

टेलिफोनच्या बाबतीत एक गोष्ट अभिमानाची आहे आणि तीही आपल्या सीमाभागातली. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. तिने १२८ लाइनींचे एक छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. परदेशी एक्स्चेंजला थंड खोली लागे, याला वातानुकूलन लागत नव्हते. धूळ, उकाडा, विजेचा लपंडाव हे सारे गृहीत धरून त्याची रचना केलेली होती. १९८६ मध्ये ते पहिल्यांदा बसले कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला, बेळगाव जिल्ह्यात. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे यंत्र म्हणजे आदर्श वाटते, कारण ते बनवणाऱ्याने आधी गाव पाहिले होते.

पण एक्स्चेंजपासून वाडीपर्यंत तार कोण ओढणार? १९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन पोचवायचे ठरवले, आणि त्यासाठी ‘मार’ नावाची रेडिओ पद्धत वापरली गेली. मध्यभागी एक मनोरा, भोवतालची पंधरा गावे आणि त्या सगळ्यांत मिळून दोन रेडिओ मार्ग. गावातल्या पंचायतीत वा दुकानात एक फोन, छपरावर एरियल, सोबत बॅटरी आणि सौर पट्टी. कागदावर योजना उत्तम होती. मी शाळेत असताना शेजारच्या गावात असा फोन बसला तेव्हा नारळ फुटला होता. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी गेली. मग तो फोन दुकानदाराच्या मुलाचे खेळणे झाला. देशभर थोड्याफार फरकाने हेच घडले आणि अखेर ‘मार’चे फोन काढून दुसऱ्या पद्धतीचे बसवावे लागले. सरकारी यादीत मात्र ते गाव ‘फोन असलेले’ म्हणून बराच काळ राहिले असणार.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला, हे आपणा सर्वांस माहीत आहे. खेड्यांचा विचार व्हायला आणखी काही वर्षे गेली. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा पाच टक्के वाटा एका निधीत जमा होऊ लागला. जिथे धंदा परवडत नाही तिथली सेवा त्यातून व्हावी, असा हेतू. मोबाईलसाठी तो वापरण्याची सोय २००६ मध्ये झाली. निधीतला मोठा हिस्सा वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला, ही तक्रार जुनीच आहे. तरी कामे झाली. नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ मध्ये २,१९९ टॉवर मंजूर झाले, त्यात आपला गडचिरोलीही होता. तिथे नक्षलवाद्यांनी टॉवर जाळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. आकडे मोठे आहेत. ‘मार’ची आठवण असल्यामुळे मी त्यातला दुरुस्तीचा वाटा शोधत बसतो.

रेडिओनेही मधल्या काळात कात टाकायचे ठरवले. जानेवारी २००९ मध्ये आपल्या दिल्लीच्या उत्तरेला असलेल्या खामपूर केंद्रातून आकाशवाणीचे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत मध्यम लहरींचे ३५ प्रक्षेपक डिजिटलसाठी सज्ज झाले. या पद्धतीत विजेची बचत होते, एका लहरीवर एकाहून अधिक कार्यक्रम जातात, शिवाय अक्षरे पाठवता येतात आणि आपत्तीचा इशाराही देता येतो. एवढे सगळे असून ऐकणार कशावर? डिजिटल रेडिओ संच बाजारात आला तो दहा हजारांच्या पुढच्या किमतीला. साधा ट्रान्झिस्टर पाच-सहाशेत मिळत असताना कोणता शेतकरी तो घेईल? नव्या मोटारींत हे रेडिओ बसू लागले, पण मोटार आमच्या वाडीत येत नाही, एसटी येते. आणखी एक अडचण आहे. जुना आवाज क्षीण झाला तरी खरखरीतून आजीला बातमी कळायची. डिजिटल आवाज एका मर्यादेपर्यंत स्वच्छ येतो आणि त्यापुढे एकदम बंद होतो. दरम्यान मध्यम लहरींचे अनेक जुने प्रक्षेपक बंद केले गेले. एप्रिल २०२३ मध्ये देशभर शंभर वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकदम सुरू झाले, ही चांगली गोष्ट. पण शंभर वॅटचा आवाज पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही, आणि डोंगर मध्ये आला तर तेवढाही नाही.

हे सारे मी इतक्या कळकळीने का लिहितो, ते आता सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मंडणगड, दापोलीही त्याच्या तडाख्यात सापडले. टाळेबंदीचे दिवस होते, मी इथे मयूर विहारात. सकाळी दहाच्या सुमारास काका म्हणाले, ‘कौले उडायला लागली,’ आणि फोन तुटला. मग पाच दिवस काही नाही. टॉवर पडला नव्हता, हे नंतर कळले. खांब आडवे झाल्याने वीज गेली, टॉवरची बॅटरी काही तासांत उतरली, झाडे पडून रस्ता बंद असल्याने डिझेल पोचले नाही. पाचव्या दिवशी वाडीतला एक मुलगा झाडे ओलांडत, मिळेल त्या वाहनाने खेडला गेला आणि तिथून त्याने अठ्ठावीस घरांचे निरोप एकामागून एक पाठवले. माझा सोळावा होता. ‘आई, काका सुखरूप. आंबा, फणस, पोफळी सर्व गेले. पत्रे पाठवा.’

त्या पाच दिवसांत वाडीला बाहेरची खबर मिळत होती ती एकाच वस्तूवर, काकांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर. सेलवर चालणारा तो एकच शिल्लक होता. संध्याकाळी सातला सगळी वाडी आमच्या ओटीवर जमे, बातम्या ऐके आणि मग चर्चा होई. न्यूरथसाहेबांनी पाहिले असते तर त्यांना ओळखीचे वाटले असते.

आम्हा रेल्वेवाल्यांची एक सवय सांगतो. विजेच्या मार्गावर साधारण दर किलोमीटरला फोन जोडायची एक खोबणी असते. गाडी मध्येच अडली तर त्यात फोन लावून कंट्रोलशी बोलता येते. मोबाईल आल्यापासून ती क्वचितच लागते. तरी ठराविक मुदतीने कोणीतरी तिथपर्यंत चालत जातो, फोन लावून पाहतो आणि वहीत सही करतो. अशी वही गावच्या टॉवरसाठी ठेवायला फारसा खर्च येणार नाही. बॅटरी किती तास टिकली, डिझेल केव्हा आले, एवढे दोन रकाने ग्रामपंचायतीने भरले तरी पुष्कळ झाले. यंदाच्या मे महिन्यात मी सरपंचांना तसा एक नमुना आखून दिला. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आहे.

निघताना काकांनी एकच काम सांगितले, पुढच्या खेपेला ट्रान्झिस्टरसाठी चार मोठे सेल आण, इथे हल्ली बारीकच मिळतात. ते शोधायला मला लक्ष्मीनगरपर्यंत जावे लागले.