बारमाही चाक

गेल्या कार्तिकांत कॅनडांतील माँट्रिऑल शहराहून आमच्या पुतण्याचें पत्र आलें. नोकरी नवी, मोटारहि नुकतीच घेतलेली. आणि आतां हिवाळा तोंडावर आला असतां चाकांचा दुसरा संच घ्यावा, कीं बारा महिने चालणाऱ्या एकाच संचावर भागवावें, असा त्यानें आम्हांस प्रश्न विचारला होता. पत्र मोठ्यानें वाचीत असतां आमच्या वृद्ध मातुःश्री म्हणाल्या, "धड चाकें असतांना दुसरीं कशाला? तीं काय सणासुदीचीं वस्त्रें आहेत?" घरांत हंशा पिकला. परंतु रात्रीं आमच्या मनांत आलें कीं, आईचें माहेर पाथर्डी तालुक्यांतलें. आणि त्या घरीं मृग लागला म्हणजे बैलगाडी सोडून पडवींत उभी करीत व काळ्या रानांतील वाट सुकेपर्यंत बाजारहाट पायीं होई, हें तिनेंच आम्हांस लहानपणीं कितीदां तरी सांगितलें आहे. ऋतु पालटला कीं चाकाचा विचार पालटावा लागतो, ही गोष्ट नगर जिल्ह्यास नवी नव्हे. किंबहुना या जिल्ह्याच्या पांचशें वर्षांच्या इतिहासांत बारमाही चाकाचा शोध हें एक मोठें प्रकरण आहे, असें म्हटलें तरी चालेल.

प्रथम पुतण्याची अडचण समजून घेऊं. मोटारीच्या टायरचें रबर थंडींत ताठर होतें. हवा ७ अंश सेल्सिअसच्या खालीं गेली कीं उन्हाळी रबराची रस्त्यावरील पकड कमी होऊं लागते. मग बर्फ नसला तरी गाडी थांबण्यास अधिक अंतर लागतें. हिवाळी टायरचें रबर मुद्दाम असें घडवितात कीं तें गारठ्यांतहि मऊ राहावें. त्याच्या पृष्ठभागावर नुसत्या खांचा नसतात, तर प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिराहि असतात. त्या बर्फाला चावतात. उलट हेंच मऊ रबर उन्हाळ्यांत तापलेल्या डांबरावर भराभर झिजतें व वळणावर लुळें पडतें. यांच्या मधला म्हणून जो सर्व ऋतूंचा टायर विकतात, तो दोन्हीकडे थोडाथोडा उपयोगी पडतो आणि कोठेंच पुरा पडत नाहीं. ज्या क्वेबेक प्रांतांत आमचा पुतण्या राहतो, तेथें तर २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानेंच सक्तीचे आहेत. आज ती मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण असें चिन्ह लागतें. तें असलेला सर्वऋतु टायरहि कायद्यास चालतो, म्हणून तर प्रश्न उरला. चाकाची निवड राजसत्तेनें करावी हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. तें तसें कां नाहीं, हें आपल्याच भूमीच्या इतिहासावरून दिसून येईल.

नगर जिल्ह्याची, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्याची, भूमि एकजिनसी नाहीं. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांचे सुळके आणि धो धो पाऊस. पूर्वेस शेवगांव-पाथर्डीकडे कमी पावसाचा, पण पडला कीं पायाला चिकटणाऱ्या चिखलाचा मुलूख. उन्हाळ्यांत ज्या काळ्या जमिनीस हातभर भेगा पडतात, तीच श्रावणांत चाक तुंब्यापर्यंत गिळते. म्हणून जुन्या काळीं येथील खरें वाहन चाकाचें नव्हतेंच. तें होतें पाठीवर गोणी घेतलेला बैल. लमाण आणि वंजारी यांचे तांडे मीठ व धान्य घेऊन घाट चढत-उतरत. बैलाच्या खुरास रस्ता लागत नाहीं, पाऊलवाट पुरते. चाकाला मात्र आधीं वाट करून द्यावी लागते.

ज्यास भारी ओझें न्यावयाचें, त्यास हा प्रश्न टाळतां येत नसे. सुप्रसिद्ध मुलुखमैदान तोफ १५४९ मध्यें अहमदनगरासच ओतली गेली. महंमद बिन हसन रूमी हा तिचा कारागीर. सुमारें ५५ टन वजनाची ती तोफ पुढें परंड्यास व तेथून विजापुरास गेली, ती बैल, हत्ती व शेंकडों माणसें यांनीं ओढीत नेली अशी परंपरा आहे. ओतणाऱ्याचें कौशल्य सर्वांच्या डोळ्यांत भरतें. ती ज्या वाटेवरून गेली ती वाट करणाऱ्यांचें नांव कोणी घेत नाहीं.

१८०३ च्या मोहिमेंत हीच गोष्ट निराळ्या रीतीनें दिसते. जनरल वेलस्ली जून महिन्यांत पुण्याहून निघाला व नगराजवळ वाळकीस येऊन पोहोंचला तो ऑगस्टांत. ऐन पावसाळा, चिखलांत तोफा ओढतांना बैल मरूं लागले. ८ ऑगस्ट रोजीं त्यानें पेठ घेतली व १२ तारखेस किल्ला त्याच्या हातीं आला. त्याचा त्या काळचा पत्रव्यवहार पाहिला तर शौर्यापेक्षां बैल, तांदूळ आणि नद्यांचे उतार यांचीच चिंता त्यांत अधिक दिसते. मराठी फौजेचा वेग घोड्याच्या पायांत होता. परंतु कवायती तोफखाना जवळ केल्यापासून शिंद्यांचा निम्मा जीव चाकांत अडकला. आणि चाकाचा हिशेब जो अधिक बारकाईनें ठेवतो, त्याची सरशी होते.

इंग्रजी अमलांत प्रथम वाट सुधारली, मग चाक. १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्यापूर्वीं देशावर ज्या थोड्या गाड्या होत्या, त्यांचीं चाकें भरीव व ओबडधोबड असत. पुढील दशकांत मोजणीखात्यांतील लेफ्टनंट गेझफर्ड यानें सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या करविल्या, व तो नमुना हळूहळू देशभर पसरला. आज ज्या गाडीस आपण सनातन समजतों, ती अशी दोनशें वर्षांच्या आंतली आहे.

त्या चाकाची घडण ज्यांनीं गांवांत पाहिली असेल, त्यांस ती विसरतां येणार नाहीं. सुतार बाभळीच्या लांकडाचा तुंबा, आरे व घेर जुळवी. लोहार लोखंडी धाव गोवऱ्यांच्या भट्टींत लाल करी. तापून फुगलेली धाव चिमट्यांनीं उचलून घेरावर बसवावयाची व लगेच पाणी ओतावयाचें. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे आणि सगळें चाक एकजीव होई. वैशाखांत लांकूड सुकून धाव खुळखुळूं लागली, तर शहाणा शेतकरी चाकें रात्रभर पाण्यांत भिजत ठेवी. सारांश, लांकडी चाकहि बारमाही नव्हतें. त्याला ऋतूप्रमाणें सांभाळावें लागे.

परंतु या लोखंडी धांवेचा एक दोष होता. ती अरुंद व कठीण असल्यामुळें खडीचा रस्ता कापीत जाई. गाडीवानाचा त्यांत फायदा, कारण अरुंद चाक कठीण रस्त्यावर हलकें चालतें. नुकसान रस्त्याचें, म्हणजे सर्वांचें. इंग्लंडांत याच कारणास्तव १७५३ मध्यें जड गाड्यांचीं चाकें नऊ इंच रुंद असावींत, असा कायदा करावा लागला होता. चाक खाजगी असतें आणि वाट सार्वजनिक. या दोहोंमधील तंटा गाडीवानाच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं. सरकारास त्यांत पडावेंच लागतें.

१८७८ मध्यें दौंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून गेला. लोहमार्ग म्हणजे या तंट्याची एक कायमची तडजोड होय: चाक आणि वाट एकाच मालकानें एकमेकांच्या मापानें घडवावयाचीं. परंतु रूळ सर्व गांवीं जात नाहींत. तें काम रबरानें केलें. १८३९ मध्यें गुडइयर यास रबर पक्कें करण्याची युक्ति सांपडली. १८४५ मध्यें थॉमसन यानें हवेच्या चाकाची कल्पना मांडली, पण ती विसरली गेली. १८८८ मध्यें बेलफास्ट येथील डनलॉप या पशुवैद्यानें ती पुन्हां काढून चालती केली. मोटारी वाढल्या, तसे रस्ते अपुरे पडूं लागले. १९२७ मध्यें रस्त्यांच्या चौकशीसाठीं मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि पेट्रोलवरील करांतून रस्त्यांचा निधि १९२९ पासून सुरू झाला. जो चाक फिरवितो त्यानें वाटेचा खर्च सोसावा, हें तत्त्व येथें मान्य झालें.

नगर जिल्ह्यांत हें रबरी चाक उसाबरोबर शेतकऱ्याच्या दारीं आलें. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. पुढें जिल्हाभर कारखाने निघाले व टायरगाड्यांची रांग हें हिवाळ्याचें नेहमींचें दृश्य झालें. रुंद, हवा भरलेलें चाक मऊ रानांत कमी रुततें व बैलाच्या खांद्यास धक्के कमी बसतात. पण येथें एक गोष्ट आम्हांस खेदानें नमूद करावी लागते. चाकानें बैलाचे जे श्रम वांचविले, ते वजनानें पुन्हां वसूल केले. ओढ हलकी झाली म्हणून मोळ्या वाढल्या. आणि पाथर्डी-शेवगांवकडून दरवर्षीं बिऱ्हाडासह येणारा ऊसतोडणी कामगार आजहि उतारावर गाडीपुढें जीव मुठींत धरून चालतो, कारण पुष्कळ गाड्यांस धड लगामच नसतो. चांगलें चाक आलें म्हणजे चांगले दिवस आले, असें होत नाहीं. त्या चाकाचा लाभ कोणाच्या पदरीं घालावयाचा, हें निराळें ठरवावें लागतें.

याच नगरास चाकाची दुसरी एक शाळा आहे. १९२४ पासून येथें चिलखती गाड्यांचें लष्करी शिक्षण चालत आलें आहे. १९९४ मध्यें उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयांत रोल्सराइसची जुनी चिलखती मोटार पाहावयास मिळते. तिच्याभोंवतीं उभे असलेले रणगाडे हें तिच्या चाकांच्या मर्यादेचें उत्तर होय. जेथें चाक रुततें, तेथें रणगाडा साखळपट्ट्यावर चालतो. म्हणजे आपली वाट आपणच अंथरतो आणि पुन्हां गुंडाळून घेतो. परंतु १ नोव्हेंबर १९४८ रोजीं झोजीला खिंडींत काय घडलें तें पाहावें. जनरल थिमय्यांच्या योजनेनुसार सातव्या घोडदळाचे स्टुअर्ट रणगाडे सुमारें साडेअकरा हजार फूट उंचीवर, बर्फांत, चढून गेले व शत्रूची दाणादाण उडाली. कीर्ति रणगाड्यांस मिळाली, ती योग्यच. पण त्यापूर्वीं मद्रास सॅपर्सच्या जवानांनीं बालतालपासूनची खेंचरांची वाट रुंद केली नसती, तर ते साखळपट्टे खालींच उभे राहिले असते. वाट अंथरीत जाणाऱ्या वाहनासहि शेंवटीं कोणी तरी वाट करून द्यावीच लागली.

हा सर्व इतिहास मनांत घोळवून आम्हीं पुतण्यास उत्तर लिहिलें. नगरास राहणाऱ्यानें हिवाळी टायर घेणें हा शुद्ध मूर्खपणा. येथें वर्षभर एकच संच पुरतो, मात्र खांचांची खोली कायद्यानें सांगितलेल्या १.६ मिलिमीटरपर्यंत झिजण्याची वाट न पाहतां पावसाळ्यापूर्वींच तो बदलावा. तुझ्या गांवीं मात्र दुसरा संच घे. नुसतीं दोन नव्हे, चारहि चाकें घे. पुढलीं धरतात आणि मागलीं घसरतात, अशी गाडी स्वतःभोंवतींच फिरते. टायर वेगळ्या साध्या पोलादी चाकांवर बसवून ठेव, म्हणजे दर ऋतूंत काढघाल करावी लागणार नाहीं; आणि गाडीस चालत असेल तर माप किंचित् अरुंद घे, कारण अरुंद टायर सैल बर्फ कापून खालच्या रस्त्यास लागतो. एक संच विसांवा घेत असतां दुसरा झिजतो, त्यामुळें खर्च वाटतो तितका दुप्पट होत नाहीं. आणि झाला तरी तो तुझ्या एकट्यासाठीं नाहीं. चौकांत तुझ्या गाडीपुढून जें मूल रस्ता ओलांडील, त्याचाहि त्यांत वांटा आहे.

पत्र पुरें करून आईस वाचून दाखविलें. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरोबर आहे. आम्ही गाडी पडवींत ठेवीत होतों. त्याला नोकरीवर जावयाचें आहे, त्यानें कोठें ठेवावी?"