‘वर्थ’ : एका हरवलेल्या क्रियापदाचे गोत्र

इंग्रजी बायबलच्या 1611 सालच्या भाषांतरात, यहेज्केलच्या 30 व्या अध्यायात, ‘वो वर्थ द डे’ असा शब्दप्रयोग आहे. पुढे 1810 साली सर वॉल्टर स्कॉटनेही ‘द लेडी ऑफ द लेक’ या काव्यात तो योजला. ‘वर्थ’ म्हणजे किंमत, एवढेच आपण शाळेत शिकलेले. त्यामुळे येथे अर्थाचे गाडे अडते. हा ‘वर्थ’ निराळा. हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘होणे’. ‘डे’ची येथे चतुर्थी, पण तिचा प्रत्यय केव्हाच झडून गेलेला. त्या दिवसाला दुःख होवो, असा हा शाप आहे.

नवव्या शतकात, आल्फ्रेड राजाच्या काळी, ‘वेओर्थन’ हे अगदी रोजच्या बोलण्यातले क्रियापद होते. त्याचा जर्मन भाऊ ‘वेर्डेन’ अजून ठणठणीत आहे. त्याच्यावाचून जर्मनांचा भविष्यकाळ चालत नाही. इंग्रजीत मात्र ‘बी’ आणि ‘बिकम’ यांनी त्याची जागा घेतली. ‘बिकम’चा जुना अर्थ ‘येऊन पोहोचणे’. पाहुणा आला नि घरधनी झाला. मूळ मालकाला राहिली ती शिव्याशापांची ओसरी! भाषेतला शब्द एका दिवसात मरत नाही, तो असा आधी माजघरातून बाहेर पडतो.

सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे एक मूळ असावे असे सांगितले. याकोब ग्रिमने 1822 मध्ये ध्वनिबदलाचे नियम मांडले : आपला ‘त’ तो तिकडचा ‘थ’. त्रि-थ्री, तनु-थिन, तसेच वर्त-वर्थ. म्हणजे हा आपला ‘वृत्’ धातू! वर्तन, वर्तमान, वृत्तांत तर त्याचेच. पण ‘वर्त्मन्’पासून वाट, ‘वर्तुल’पासून वाटोळे. ‘त्या दिवसाचे वाटोळे होवो’ असे भाषांतर केले, तर धातूसुद्धा तोच राहतो. बायबलच्या भाषांतरकारांना याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

‘वर्ति’ म्हणजे वळलेली, ती आपली दिव्यातली वात. हे दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडले, तेव्हा घरी कन्नड बोलणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, आमच्या घरी तिला बत्ती म्हणतात.” कन्नडचे कूळ द्राविडी, पण ‘बत्ती’ हा त्याच ‘वर्ति’चा तद्भव. मी तोही शब्द फळ्यावर ‘वर्थ’च्या शेजारी लिहिला.